लिंबोणीवरची हजेरी

आज सकाळी लिंबोणीच्या एका कोवळ्या पानाची कड कोणीतरी खाल्लेली दिसली. कातरीनं कापावी तशी, अर्धगोल. मी हातातला चहाचा कप धुण्याच्या दगडावर ठेवला, चष्मा पदरानं पुसला आणि पान उलटून पाहिलं. खाली कोणी नव्हतं, वरही कोणी नव्हतं. शेजारच्या पानावर फक्त एका चिमणीची शीट पडलेली होती. काळी-पांढरी, ओलसर, अगदी निर्मळ मनानं पडल्यासारखी.

मी काही आता फसत नाही. गेल्या वर्षी फसले होते. "आले का बाप्पा," असं त्या शिटेला म्हटलं आणि फोन आणायला आत गेले.

भादवा लागला की मला संशय यायला लागतात. हे आजचं नाही, लहानपणापासूनचं आहे. भादव्याचं सगळंच दुतोंडी. ऊन पडलं म्हणून गोधडी वाळत घालावी तर शिंतोडे येतात, आणि छत्री घेऊन राजापेठेत जावं तर घामानं पाठ भिजते. भिंतीला हात लावला तर ओल आणि तोंडावर वाऱ्याची झुळूक नाही. शेतातलं सोयाबीन वरून हिरवंगार दिसतं, पण शेंगेत काय आहे ते कापणीलाच कळतं. माझे वडील वलगावच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून म्हणायचे, "भादव्यात कोनाचा भरोसा धरू नये, ना आभायाचा ना पाहुन्याचा." पाहुणे महालक्ष्म्यांना यायचे आणि आभाळ केव्हाही यायचं. वडिलांना दोघांचीही सारखीच धास्ती.

माझं घर अमरावतीत, राजापेठेच्या मागच्या एका गल्लीत आहे. पुढच्या बाजूला शिकवणीचे क्लास. त्या पोरापोरींच्या गाड्या माझ्या फाटकाला टेकून उभ्या असतात, अशा की दूध आणायला जायचं तर आधी एकाला हाक मारावी, मग त्यानं दुसऱ्याला मारावी. पण मागच्या बाजूला माझं राज्य. धुण्याचा दगड, गोडलिंबाची म्हणजे कढीपत्त्याची कुंडी, मधोमध लिंबोणी, आणि खिडकीला लोखंडी स्टँडवर ठेवलेला कूलर. उन्हाळा संपला की लोक कूलर झाकून ठेवतात. माझा तसाच उभा असतो. का ते पुढे सांगते.

मागच्या भिंतीपलीकडे शमीमभाभी राहतात. त्यांच्या मालकांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, आणि घरी एक बकरी. गेल्या भादव्यात लिंबोणीची पानं एकेक करून जायला लागली तेव्हा माझा पहिला संशय क्लासच्या पोरांवर गेला, दुसरा त्या बकरीवर. पोरं लिंबाचं पान चोळून हुंगतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बकरीचं तर सांगायलाच नको. पण भाभींना नुसतं तोंडानं सांगून कसं चालेल? पुरावा पाहिजे. म्हणून मी पानांचा फोटो काढला.

खरं सांगते, मी फोटो काढायला शिकले ती फुलपाखरांच्या प्रेमानं नाही. चोर पकडायला शिकले.

रोज सकाळी एक फोटो. आज किती पानं शाबूत, काल किती होती. दोन बोटांनी चित्र मोठं करून पाहायचं हे तेव्हाच जमायला लागलं. आणि एका सकाळी माझ्या ध्यानात आलं, की कालच्या फोटोत चिमणीची शीट ज्या पानावर होती, त्या पानावर ती आज नाही. पुढच्या पानावर आहे. आणि जराशी जाडही झाली आहे. मी फोन खाली ठेवला. शीट जागची हलते, असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ बंडू वरूडला असतो. त्याची संत्र्याची बाग आहे. फवारणीचं औषध घ्यायला अमरावतीला आला की माझ्याकडे जेवायला येतो. त्याला मी मोठ्या ऐटीत ती शीट दाखवली. त्यानं वाकून पाहिलं आणि हसलाच.

"बाई, हे शीट नोय. अळी हाय. पाखरानं खाऊ नये म्हनून शिटेचं सोंग घेते. मोठी झाली की हिरवी होते. आमच्या कलमा साऱ्या हेच खाते."

"मंग होते काय तिचं?"

"होते काय म्हंजे? फुलपाखरू होते. ते काळं-पिवळं." बोलता बोलता त्याची दोन बोटं चिमटीसारखी पुढे आली. बागवाल्याचा हातच तसा, त्याला विचारायला लागत नाही.

मी त्याच्या हातावर चापट मारली. "हात नोको लावू."

"काय वं बाई," तो म्हणाला, "आमच्या दुश्मनाले तू घरी दूध पाजून राहिली."

त्यानंतर मी त्या अळीला पाहायचे ते वेगळ्या नजरेनं. शीट होती ती हिरवी झाली, खरोखर पानासारखी. काडी लावली तर मानेतून दोन नारिंगी शिंगं काढायची आणि सडक्या लिंबाचा वास सोडायची. म्हणजे आधी शिटेचं सोंग, मग पानाचं, आणि तरीही कोणी ओळखलंच तर सापाचं. मला ती आवडायला लागली. जगावर इतका अविश्वास मी आमच्या घराण्याबाहेर पाहिला नव्हता.

मग एके दिवशी ती नाहीशी झाली. चांगली करंगळीएवढी झाली होती. आदल्या दिवशीच बंडू येऊन गेला होता. मी सरळ वरूडला फोन लावला.

"बंड्या, खरं सांग. चिमटली ना तू?"

"देवाची आन बाई, मी हातबी नाई लावला."

"तू हात धुवायले मागं गेलता."

"हात धुवायले मागं नाई जाऊ त का रस्त्यावर जाऊ?"

त्यावरून आमचं बोलणं बंद झालं. त्याच्या बायकोनं दोनदा फोन केला, मी कामात आहे म्हणून सांगितलं. आणि मग कूलरचा स्टँड पुसताना हाताला काहीतरी लागलं. लोखंडी पट्टीच्या आतल्या अंगाला, खाकी रंगाचा, शेंगेएवढा एक कोष. कमरेला बारीक दोरा बांधून घेतलेला आणि मागे रेललेला. विजेच्या खांबावर लाइनमन पट्टा बांधून रेलतो ना, तसा. अळीच होती ती. झाडावरून उतरली, आंगण ओलांडलं, आणि तिला आवडली ती जागा धरून बसली. पोट भरलं की त्या खाण्याच्या झाडावर राहत नाहीत, हे मला नंतर समजलं. कोणी नेली नव्हती तिला. तिची ती गेली होती.

बंडूला कोषाचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. त्यानं अंगठा पाठवला. आमच्या घरात माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

पण नेणं आणि जाणं यातला फरक माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच दिवसांत महालक्ष्म्या आल्या. माझा मुलगा प्रशांत आणि सून रूपाली अकोल्याहून आले. मुखवटे बसले, सोळा भाज्या झाल्या, आंबील झाली. आणि भरल्या पंगतीत, हातात आंबिलीची वाटी धरून प्रशांत म्हणाला, "आई, दिवाळी झाली की तुले अकोल्याले नेतो. हे घर आता इकून टाकू."

येशील का, असं विचारलं नाही. नेतो. मी महालक्ष्म्यांकडे पाहिलं. त्या मुखवट्याच्या आड नेहमीसारख्या समोर पाहत होत्या. रूपालीकडे पाहिलं. ती कढी वाढत होती. होही म्हणाली नाही आणि नाहीही. मला त्या गप्प राहण्याचा जास्त संशय आला. नवराबायकोत आधी ठरलेलं असलं की एकच बोलतो.

अकोल्याचं त्यांचं घर मी पाहिलेलं आहे. चांगलं आहे, नाव ठेवायला जागा नाही. तिसरा मजला, दोन खोल्या, पश्चिमेची बाल्कनी, तिला जाळी. तिथे फुलपाखरू आलंच तर त्याला लिफ्टनं यावं लागेल.

तेव्हापासून मला सगळीकडे पुरावेच दिसायला लागले. प्रशांतनं जाताना फाटकाचा कडीकोयंडा हलवून पाहिला. कशाला? रूपालीनं स्वयंपाकघराचा फोटो काढला, म्हणे फोडणीचा डबा आवडला. डबा की ओटा? आणि हा फोन. हाही प्रशांतनंच दिला होता, आणि कोषाचा फोटो पाहून म्हणाला होता, "तुझ्या फुलपाखराईचे फोटो ग्रुपवर टाकत जा, साऱ्याईले पाहायले भेटते." तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. मग ध्यानात आलं, की ज्या दिवशी माझा फोटो जात नाही, त्या दिवशी सकाळी बरोबर त्याचा फोन येतो. "काही नाई, सहजच केला." फोटो पाहत नव्हते ते. हजेरी घेत होते.

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर माझा फोटो पडला, की सगळ्यात आधी रूपालीचा अंगठा यायचा. इतक्या लवकर, की चित्र उघडायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. मला शंका आली, की ही पाहतच नाही. सासूचा फोटो आला की अंगठा दाबायचा आणि पोळी उलटायची. म्हणून मी परीक्षा घेतली. झेंडूवर बसलेल्या एका फुलपाखराचा फोटो टाकला, आणि एक दिवस सोडून पुन्हा तोच टाकला. रूपालीचा अंगठा आला. प्रशांतनं हात जोडले. बंडूनं फूल पाठवलं. कोणालाच काही समजलं नाही.

मला फार वाईट वाटलं. आणि थोडं बरंही वाटलं. संशय खरा निघाला की माणसाला बरं वाटतं, हे खोटं कशाला सांगू.

आता त्या सकाळचं सांगते. पण त्याआधी वलगावची माझी म्हातारी आत्या माहीत असायला पाहिजे. वडिलांची बहीण. ती तेव्हा खाटेवर होती, आज आहे उद्या नाही अशी, आणि सगळ्या नात्यागोत्याचं लक्ष तिकडे लागलेलं होतं. मीही दर आठवड्याला वलगावला जाऊन यायचे. ग्रुपवर कोणी ना कोणी विचारायचं, आत्या कशी आहे.

पहिला कोष उकलून गेल्यावर कूलरच्या त्याच स्टँडवर दुसरा बसला होता, आणि आता तो काळा पडायला लागला होता. ओल्या धोतरातून खालची नक्षी दिसावी, तशी आतल्या पंखांची पिवळी टिपकी दिसत होती. पहिल्या कोषाच्या वेळी नेमका तो उकलताना प्रशांतचा फोन वाजला होता आणि व्हिडिओ तुटला होता. म्हणून या खेपेला मी फोनवरचं विमानाचं चित्र दाबून ठेवलं, म्हणजे कोणाचा फोनच येणार नाही, आणि स्टूल घेऊन कूलरसमोर बसले.

ते बाहेर आलं तेव्हा मला आधी वाटलं, बिघडलं काहीतरी. जाड पोट, आणि पंख म्हणजे मुठीत चुरगाळलेल्या ओढणीचे तुकडे. ते ओढत ओढत स्टँडच्या कडेला गेलं आणि उलटं लटकलं. मग हळूहळू पंख भरत गेले. एक तांबूस पाण्याचा थेंब खाली पडला. शेजारच्या क्लासमध्ये मास्तर माइकवरून प्रश्न विचारत होते आणि पोरं एका सुरात उत्तर देत होती. इकडे हे गप्प. पंख सुकले, एकदा मिटले, उघडले, आणि मी पापणी लववली तेवढ्यात ते शमीमभाभींच्या भिंतीवरून गेलंही.

माझं मन भरून आलं होतं. मी विमान बंद केलं, ग्रुपवर व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "पाखरू उडालं. मागे नुसतं टरफल राह्यलं. सकाळपासून जवळच बसून होते."

व्हिडिओचं चक्र फिरत राहिलं. फिरता फिरता फोन मेला, बॅटरी सगळी त्या चित्रीकरणात गेली होती. मी तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि डोक्यावरून अंघोळ करायला गेले. व्हिडिओ गेलाच नव्हता, हे मला माहीत नव्हतं. शब्द तेवढे गेले होते.

केस ओलेच होते, मागच्या दारात पुसत होते, तेव्हा शमीमभाभी आल्या. डोक्यावरून ओढणी घेतलेली. माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं आणि माझा हात हातात घेतला.

"ताई, बहोत बुरा हुआ."

मला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. भिंतीपलीकडून दिसलं असेल यांना. "हो ना भाभी. पन जायाचंच होतं. मी त तयारीच ठेवली होती."

"आखरी टाइम आप थे ना पास में?"

"मीच होती. दुसरं कोन असन? स्टूल घेऊन बसली होती."

"तकलीफ तो नहीं हुई?"

"झाली थोडी. आधी डोकं बाहेर आलं. पाय अडकले होते."

भाभींचा हात जरा सैल झाला.

"मंग पानी गळून गेलं अन् मोकळं झालं. भल्ला वेळ कूलरले लटकून होतं."

"कूलर को?"

"हाव. अन् मंग तुमच्याच घरावरून उडालं."

भाभींनी मान वळवून आपल्या घराच्या छपराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "ताई, आप किसकी बात कर रहे?"

"तुमी कोनाची करून राहिल्या?"

"आपके वलगाव वाले आत्याजी की. प्रशांत का फोन आया था, रोने जैसा हो गया था. बोला, अम्मी अकेले हैं, फोन बंद है, जाके देखो."

मला सगळं एकदम समजलं. पण आधी समजलं ते दुसरंच. "प्रशांतजवळ तुमचा नंबर कसा?"

भाभी ओढणीचं टोक पाहायला लागल्या.

"तुमाले फोन करत असते का तो?"

"कभी कभी."

"कभी म्हंजे कवा?"

"आपका फोटो नहीं आया तो," त्या म्हणाल्या. "बेटा है ताई. पूछता है, मैं बोल देती हूँ, झाडू मार रहे, ठीक हैं. और क्या बोलती मैं?"

जिच्या बकरीविरुद्ध मी पुरावे गोळा करत होते, ती भिंतीपलीकडून माझे पुरावे देत होती. मी त्यांना चहा विचारला. दुसरं काय करणार होते?

फोन सुरू केला तर तो थांबायचं नाव घेईना. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले होते, दिवे लावले होते. बंडू निघून मोर्शीपर्यंत आला होता. त्याला फोन करून खरं सांगितलं. मग म्हणाला, "म्हंजे आमचाच दुश्मन उडाला अन् मी सुतकाले निंघालो." आता निघालोच आहे तर जेवूनच जातो, म्हणून तो पुढे आला. आणि दुपारपर्यंत अकोल्याहून गाडी येऊन माझ्या फाटकाशी क्लासच्या गाड्यांमध्ये अडकली.

प्रशांत आत आला तो पाणीसुद्धा न पिता बोलायला लागला. "आई, तुझा फोन बंद. म्हनून म्या वलगावले लावला. आत्याआजीनंच उचलला."

"काय म्हने?"

"म्हने, मी मेली अन् मलेच सांगतलं नाई."

बंडू हसला. प्रशांत हसला नाही. त्याचा चेहरा पाहून मीही तोंड मिटलं.

"आज पाखरू होतं," तो म्हणाला. "उद्या तू पडली त? फोन असाच बंद राह्यला त? कोनाले समजन? दिवाळी-गिवाळी काही नाई. आताच चाल."

  इतके दिवस मी त्याच्या बोलण्यात घर विकायची घाई शोधत होते, आणि आता तो समोर उभा होता, आणि त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लागलेल्या होत्या. संशयालाही बसायला कुठेतरी जागा लागते, ती त्या गुंड्यांत सापडेना. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मनात म्हटलं, गेलं. लिंबोणी गेली, दगड गेला.

रूपाली आल्यापासून खोलीत नव्हती. ती मागे जाऊन कूलरच्या स्टँडपुढे उकिडवी बसली होती. टरफल पाहत होती, हात न लावता. मग आत आली.

"आई, व्हिडिओ पूर्ण आहे का?"

मी फोन दिला. वायर लहान होती, म्हणून तिला ओट्याजवळ उभ्यानंच पाहावा लागला. मी तिच्या बोटाकडे पाहत होते. आता पुढे सरकवेल, आता सरकवेल. तिनं सरकवला नाही. पोट ओढत येतं तिथपासून भिंतीवरून जातं तिथपर्यंत, सगळा पाहिला. मध्ये प्रशांत "अवं" म्हणाला तर हातानंच थांब म्हणाली.

मग माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाली, "झेंडूवरचं एक तुम्ही दोनदा टाकलं होतं."

मी ओट्यावरचं फडकं उचललं.

"डाव्या पंखाचा तुकडा गेलेला होता त्याचा. दोन्ही फोटोत."

"मंग बोलली काहून नाईस?"

"मले वाटलं, त्या दिवशी कोणी आलं नसन," ती म्हणाली.

त्या वाक्यावर मी पुढे किती दिवस बसून होते. कोणी म्हणजे कोण? फुलपाखरू, की माणूस? तिनं काय म्हटलं होतं, तेच मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिनं चहा केला, सगळ्यांना दिला आणि प्रशांतला म्हणाली, "अहो, राहू द्या आईंना. रोज सकाळी एक फुलपाखराचा फोटो यायला पाहिजे. ज्या दिवशी नाही आला, त्या दिवशी आपण निघायचं, आणि घेऊनच यायचं. मग आईंनी नाही म्हणायचं नाही."

"अन् फुलपाखरूच नाई आलं त?" प्रशांतनं विचारलं.

"आईंना सापडते," रूपाली म्हणाली.

मी लगेच हो म्हटलं. चहा संपवून प्रशांतही हो म्हणाला. आणि ते गेल्यावर भांडी घासताना मला संशय आला. हिनं माझी बाजू का घेतली? दोन खोल्यांत सासू नकोच असेल तिला. सुनेनं सासूची बाजू घेतली, की सासूनं आधी आपल्या किल्ल्या तपासाव्यात. तपासल्या. होत्या जागेवर.

दिवाळी गेली, थंडी गेली. फोटो जात होते. कधी पिवळं, कधी पांढरं, कधी गोडलिंबावर अंडी घालायला आलेलं. आणि मग उन्हाळा आला, आणि त्या कराराची खरी मेख माझ्या ध्यानात आली.

अमरावतीच्या उन्हाळ्यात कोणतं फुलपाखरू फिरतं? चिमण्याही मान टाकतात. लिंबोणीची पानं चामड्यासारखी झाली. कूलर सुरू झाला. त्याच्या पट्टीवर ते टरफल अजून होतं, मी कोणाला काढू दिलं नव्हतं. मी सकाळी उजाडल्याबरोबर मागे जाऊन बसायचे. टरबुजाच्या फोडी ठेवल्या, मुंग्या आल्या. मातीचं ताट पाणी घालून ठेवलं, शमीमभाभींची बकरी भिंतीवर पाय ठेवून त्याकडे पाहत राहिली. एक सकाळ अशी आली, की कोणी आलंच नाही. चहा निवला, ऊन दगडावर आलं. आता फोन वाजेल आणि गाडी निघेल. मी फोन उघडला, मागच्या आश्विनातला एक फोटो शोधला आणि टाकला.

रूपालीचा अंगठा आला. नेहमीसारखा, लगेच.

दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग ते रोजचंच झालं. मी फार विचार करून निवडायचे. ओली भिंत दिसेल असा नको, झेंडू दिसेल असा नको. कापून, छाटून टाकायचे. चोर पकडता पकडता चोरीचं सगळं शिक्षण झालं होतं माझं. मनाला समजावायचे, फोटो जुना असला तरी दाबणारं बोट आजचंच आहे. हजेरीला दुसरं काय लागतं?

एकदा मात्र चुकले. प्रशांतनं ग्रुपवर विचारलं, "आई, एवढ्या उन्हात लिंबोणी इतकी हिरवीगार कशी?"  मी दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. तेवढ्यात रूपालीनंच लिहिलं, "आई पाणी देतात."

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तिला समजलं आहे की नाही? नसेल समजलं, तर चांगली भोळी आहे. समजलं असेल, तर बोलत का नाही? मला अकोल्याला न येऊ देण्यासाठी? का मला इथे राहू देण्यासाठी? दोन्ही एकच दिसतं, पण एक नाही. उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत मी हाच विचार केला. तिचे अंगठे येत राहिले आणि मी कोणताच निकाल दिला नाही. पाऊस लागला तरी जुन्याच फोटोंची सवय सुटली नाही.

आणि आज हे पान. ही शीट.

फोन घेऊन मागे आले तर ती होती तिथेच होती. वाकले, श्वास धरला, फोटो काढला. फुलपाखरू नाही, करारात बसत नाही, हे माहीत होतं. पण इतक्या दिवसांनी आजचा फोटो आज काढलेला होता, तो टाकल्याशिवाय राहवेना. टाकला.

बंडूनं आधी लिहिलं, "बाई, सकाळी सकाळी दुश्मन दाखवून राहिली." प्रशांतनं लिहिलं, "आई, हे काय आहे? फुलपाखरू कुठे?"

रूपालीचा अंगठा आला नाही. मी वाट पाहत स्टुलावर बसले. पोळी उलटत असेल, गॅस लहान करत असेल, फोटो मोठा करून पाहत असेल. क्लासच्या गाड्या यायला लागल्या होत्या, फाटकाला टेकत होत्या. मग फोन थरथरला. तिनं लिहिलं होतं,

"हे नवं आहे."

उन्हाळाभरचे सगळे अंगठे माझ्यासमोर एका रांगेत उभे राहिले.

दगडावरच्या चहावर साय धरली होती. "लबाड हाय पोट्टी," असं मी त्या अळीकडे पाहून म्हटलं आणि दुसरा चहा ठेवायला आत गेले.